इंग्लंडातल्या गावची कॅरोल सर्व्हिस: आत काय चालतं, आणि आपण जायचं का?

डिसेंबर लागला की आमच्या दारावरच्या पत्रफटीतून एक घडीचा कागद आत पडतो. वर होली नावाच्या काटेरी झाडाच्या पानांचं चित्र आणि खाली चार ओळी. रविवारी संध्याकाळी सहा वाजता गावच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात कॅरोल सर्व्हिस, नंतर मिन्स पाय आणि गरम वाइन, सगळ्यांचं स्वागत.

हा कागद पडला की माझा फोन वाजायला लागतो. आसपासच्या गावांत माझ्या ओळखीची सात-आठ मराठी घरं आहेत. कोणी हॉस्पिटलात नोकरीला, कोणी आयटीत. 'सगळ्यांचं' म्हणजे आपलंही का? आत जाऊन करायचं काय? प्रसादासारखं काही हातावर ठेवलं तर? पोरीच्या वर्गातली सगळी मुलं गाणार आहेत, तिला एकटीला नाही कसं म्हणायचं? आणि तिकडे म्हसवडहून आईचा वेगळाच प्रश्न: "तुम्ही चर्चमध्ये कशाला जाता गं?"

मी ग्लॉस्टरशायरमधल्या एका लहान गावात राहते आणि गेली नऊ वर्षं या कार्यक्रमाला जाते. तो मला मनापासून आवडतो. तो कसा घडला हे कळत गेलं तसा जास्तच आवडायला लागला. म्हणून हे सगळं एकदा नीट, पहिल्यापासून सांगते.

भोंडल्यापासून सुरुवात करू

'कॅरोल' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता गोल फेर धरून, गात गात केलेला नाच. हातात हात घालून फिरायचं, एकाने कडवं म्हणायचं आणि ध्रुपद सगळ्यांनी उचलायचं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, हा भोंडलाच झाला. पुढे फेर सुटला, गाणं राहिलं, आणि हळूहळू ते बहुतेक नाताळापुरतं उरलं.

म्हणजे कॅरोल ही मुळात धर्मपीठाने लिहून खाली पाठवलेली स्तोत्रं नव्हेत. ती अंगणातून, रस्त्यावरून, दारोदार फिरणाऱ्या गायकांच्या तोंडून आलेली गाणी. चर्चच्या आत त्यांना हक्काची जागा मिळायला फार वेळ लागला. हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच उलगडतं.

'सर्व्हिस' म्हणजे उपासना. 'व्हिकर' म्हणजे गावचे धर्मगुरू. ते पुरुष असतील किंवा स्त्री, आमच्याकडे बाई आहेत. एवढे दोन शब्द माहीत असले की पुरे.

कीर्तनाला बसल्यासारखं बसा

या तासाभराची बांधणी मला कीर्तनासारखी वाटते. कीर्तनात आख्यान पुढे सरकतं आणि मध्ये मध्ये पदं येतात, तसंच इथे आहे. बायबलातले लहान लहान उतारे एकामागून एक वाचले जातात आणि दर वाचनानंतर एखादं गाणं होतं. काही गाणी फक्त गायकवृंद म्हणतो, बाकीची सगळ्यांनी उभं राहून म्हणायची. प्रवचन नसतंच किंवा अगदी पाच मिनिटांचं असतं.

पूर्ण रूपात वाचनं नऊ. म्हणून या पद्धतीला 'नऊ वाचनं आणि कॅरोल' असंच नाव आहे. लहान गावांत पुष्कळदा सहा-सातवरच भागवतात. गोष्ट पार आदम आणि हव्वेने फळ खाल्लं तिथून सुरू होते. मग अब्राहामाला मिळालेलं वचन, यशया या संदेष्ट्याचं भाकीत, देवदूताने मरियेला दिलेली बातमी, गोठ्यातला जन्म, रात्री रानात मेंढरं राखणारे मेंढपाळ, पूर्वेकडून ताऱ्यामागे आलेले ज्ञानी लोक. शेवटचं वाचन मात्र गोष्टीतलं नाही. ते योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात आहे: प्रारंभी शब्द होता. ओंकाराचं नाव ऐकत लहानाची मोठी झालेली मी दरवर्षी त्या ओळीपाशी थबकते.

वाचणारे कोण, हेही ठरलेलं असतं. सगळ्यात आधी एखादं लहान मूल आणि सगळ्यात शेवटी सगळ्यात मोठा मान असलेली व्यक्ती. आमच्याकडे शाळकरी मुलगा, मग दुकानवाल्या बाई, एक शेतकरी, घंटा वाजवणाऱ्यांपैकी एक जण, असं करत करत शेवट व्हिकरबाईंवर येतो. शेतकरीबुवा दरवर्षी तोच एक उतारा वाचतात. कागद हातात धरतात, पण त्याकडे बघत नाहीत.

आता सुरुवातीचा क्षण. तो मला शक्य तितका जवळून दाखवायचा आहे. आत शिरताना दारात एकेकाच्या हातात मेणबत्ती देतात. मेण बोटांवर ओघळू नये म्हणून ती पुठ्ठ्याच्या गोल चकतीतून ओवलेली असते. सहाला दोन मिनिटं असताना विजेचे दिवे बंद होतात. दगडी भिंती, थंडगार हवा, कुणाचं तरी खोकणं. मग मागच्या टोकाकडून, कोणत्याही वाद्याशिवाय, एका लहान मुलाचा आवाज येतो. एकच कडवं, एकट्याने. दुसऱ्या कडव्याला गायकवृंद मिळतो, तिसऱ्याला ऑर्गन उघडतो आणि बसलेलं सगळं गाव उभं राहून गायला लागतं. मागून पुढे मेणबत्त्या एकमेकींवर पेटत जातात. मागच्या वर्षी ते कडवं म्हणणारी मुलगी नऊ वर्षांची होती, आणि पहिल्या शब्दाआधी तिने घेतलेला श्वास चौथ्या रांगेत बसलेल्या आम्हाला ऐकू आला.

हे गाणं आयर्लंडमधल्या सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या बाईंनी लहान मुलांसाठी लिहिलं आणि ते १८४८ साली छापून आलं. ख्रिस्ती श्रद्धेची जी वाक्यं मुलांना नुसती पाठ करावी लागतात, ती त्यांना कळावीत म्हणून त्यांनी एकेका वाक्यावर गाणी रचली, त्यांतलं हे एक. चाल हेन्री गाँटलेट यांची, पुढच्याच वर्षीची.

ही पद्धत किती जुनी?

चर्चची इमारत आठशे वर्षांची आहे म्हणून आतला कार्यक्रमही तेवढाच जुना असेल, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात तो दीडशे वर्षांचासुद्धा नाही.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये ट्रूरो नावाचं गाव आहे. १८८० साली तिथलं मोठं चर्च नुकतंच बांधायला काढलं होतं, म्हणून उपासना एका तात्पुरत्या लाकडी शेडमध्ये चालायची. तिथले बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी त्या वर्षी २४ डिसेंबरच्या रात्री दहा वाजता नऊ वाचनं आणि मध्ये कॅरोल असा कार्यक्रम लावला. नाताळच्या आदल्या रात्री लोकांनी दारूच्या गुत्त्यात बसण्यापेक्षा इकडे यावं, हा त्यामागचा हेतू असं सांगतात. बेन्सन पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या धर्मगुरूंच्या सर्वोच्च पदावर गेले.

ही गोष्ट देशभर पोचली ती मात्र युद्धामुळे. एरिक मिलनर-व्हाइट पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून होते. तिथून परतल्यावर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलची, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनाघराची, जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या आणि सहा आठवड्यांनी, २४ डिसेंबरला, त्यांनी बेन्सन यांचा आराखडा घेऊन किंग्जमध्ये पहिली कॅरोल सर्व्हिस केली. जी माणसं चार वर्षं मरणाच्या छायेत राहून आली होती, त्यांना नेहमीची ठरावीक उपासना पुरणार नाही, असं त्यांना वाटत होतं. पुढच्या वर्षी त्यांनी सुरुवातीला ते एकट्या मुलाचं कडवं ठेवलं. १९२८ पासून बीबीसी रेडिओने तो कार्यक्रम प्रसारित केला आणि १९३० चा एक अपवाद सोडला तर दरवर्षी करत आली. आज खेड्यापाड्यांत जे चालतं, ते या केंब्रिजच्या नमुन्यावर बेतलेलं.

मिलनर-व्हाइट यांनी सुरुवातीसाठी एक प्रार्थना लिहिली. गरीब, भुकेले, आजारी, एकटे यांची आठवण काढून झाल्यावर तिच्यात, आपल्याबरोबरच आनंद करणाऱ्या पण आता दुसऱ्या किनाऱ्यावर, अधिक उजेडात असलेल्या माणसांची आठवण येते. इंग्रजीत ऐकताना माझ्या मनात लगेच आपला शब्द उमटतो: पैलतीर. १९१८ च्या त्या संध्याकाळी ऐकणाऱ्यांना हा किनारा कोणाचा, हे सांगायची गरज नव्हती.

गावच्या चर्चमध्ये बसलात की डाव्या-उजव्या भिंतीवर नजर टाका. बहुतेक ठिकाणी १९१४ ते १९१८ च्या युद्धात कामी आलेल्यांची पाटी असते. आमच्या पाटीवर अकरा नावं आहेत. दोन आडनावं दोन-दोनदा येतात, म्हणजे भाऊ किंवा चुलत भाऊ असणार. एवढ्याशा गावातून अकरा. आणि हे आपल्याला परकं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात त्याच युद्धात पडलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे, त्यावरून गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. लहानपणी एसटीतून जाताना आजोबा ते गाव दाखवायचे. इथे ती प्रार्थना सुरू झाली की मला दोन्ही गावं एकदम आठवतात.

आणि मध्ये नाताळवर आलेली बंदी?

नाताळ या देशात एकेकाळी चक्क बंद होता. सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढून वरचढ ठरलेल्या संसदेत कडव्या शुद्धिवाद्यांचा जोर होता. या सणाला बायबलात आधार नाही आणि लोक त्या निमित्ताने नुसता धिंगाणा घालतात, असं त्यांचं म्हणणं. १६४७ साली संसदेने हुकूम काढून नाताळचा सणच रद्द केला. त्या वर्षी कँटरबरीत २५ डिसेंबरला दुकानं उघडी ठेवायला लावल्यावरून दंगल झाली. १६६० मध्ये राजेशाही परतली तेव्हा सण परतला. कॅरोलना मात्र चर्चमध्ये पुढेही बराच काळ फारसा वाव नव्हता. ती वाड्यावस्त्यांवर आणि गुत्त्यांमध्ये जगली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लोकांना भीती वाटायला लागली की हा ठेवा आता जाणार. कॉर्नवॉलच्या डेव्हिस गिल्बर्ट यांनी १८२२ मध्ये आणि विल्यम सँडिस यांनी १८३३ मध्ये जुनी कॅरोल जमवून छापली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्याकडे गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्याच जातीचं हे काम. ते झालं नसतं तर आज आमच्या कागदावरची निम्मी गाणी नसती.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला लागून राहते. पूर्वी गावच्या चर्चमध्ये मागच्या माडीवर गावकऱ्यांचाच वाद्यमेळ बसायचा. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, बासून नावाचं फुंकवाद्य; वाजवणारा कोणी सुतार, कोणी चांभार. व्हिक्टोरिया राणीच्या काळात धर्मगुरूंना ते संगीत ओबडधोबड वाटू लागलं. जागोजाग ते मेळ मोडले आणि त्यांच्या जागी हार्मोनियम किंवा ऑर्गन आला. त्या लोकांची गाणी काही ठिकाणी त्यांच्याबरोबर बाहेर पडली आणि बाहेरच राहिली. शेफील्डजवळच्या डंगवर्थसारख्या गावांत आजही नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत दर रविवारी दुपारी लोक पबमध्ये दाटीवाटीने उभे राहून ती जुनी स्थानिक कॅरोल गातात. बहुतेकांच्या हातात कागद नसतो, सगळं पाठ.

शब्द एकाचे, चाल भलत्याचीच

'चाल' ही कल्पना मराठी माणसाच्या रक्तात आहे. तोच अभंग पंढरपूरच्या वाटेवर एका चालीत, घरच्या भजनात दुसऱ्या. कॅरोलचंही तसंच चालतं, आणि त्यामागचं कारण अगदी साधं आहे: मोजणी. आपल्या मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा हिशेब असतो. इंग्रजी गाण्यांत एक फार चालणारा हिशेब आठ-सहा-आठ-सहा सिलॅबलचा, म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांचा आहे. या मापाचे कोणतेही शब्द या मापाच्या कोणत्याही चालीत बसतात. नेअम टेट यांचं मेंढपाळांवरचं गाणं १७०० सालचं. अठराव्या शतकात बराच काळ इंग्लंडच्या चर्चमध्ये नाताळसाठी अधिकृत असं ते एकच गीत होतं. दुसरं काही गायची सोय नाही म्हटल्यावर लोकांनी शब्द तेच ठेवले आणि चाली बदलत राहिले. शेफील्डकडच्या पबमध्ये एकाच दुपारी ते दोन-तीन चालींत ऐकायला मिळतं.

सगळ्यात जोरात म्हटलं जातं ते चार्ल्स वेस्ली यांचं १७३९ चं गाणं. त्याची पहिली ओळ मुळात वेगळी होती, ती जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी बदलली. चाल तर जर्मनीतली. मेंडेलसोन यांनी १८४० मध्ये छपाईचा जनक गुटेनबर्ग याच्या गौरवासाठी जे संगीत रचलं, त्यातला हा तुकडा, आणि १८५५ मध्ये विल्यम कमिंग्ज या इंग्रज संगीतकाराने तो वेस्लींच्या शब्दांना जोडला. वेस्ली आणि मेंडेलसोन यांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. बेथलेहेमच्या छोट्या गावाबद्दलचं जे गाणं आहे, त्याचे शब्द फिलिप्स ब्रुक्स या अमेरिकन धर्मगुरूंचे, १८६८ चे. अमेरिकेत ते वेगळ्या चालीत गातात. इंग्लंडात मात्र राल्फ वॉन विल्यम्स यांनी १९०३ मध्ये सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन गावात एका म्हाताऱ्याकडून ऐकून टिपलेली लोकगीताची चाल त्याला बसवली. ऑर्गनवर ती वाजते तेव्हा मला नेहमी वाटतं, माडीवरून उतरवलेले ते वादक मागच्या दाराने परत आले.

आमच्या परगण्याचा अभिमान असलेलं गाणं म्हणजे क्रिस्टिना रोझेटी यांची १८७२ ची हिवाळ्यावरची कविता. तिला गुस्ताव होल्स्ट यांनी १९०६ मध्ये चाल दिली. होल्स्ट जन्माने चेल्टनहॅमचे, आणि त्या चालीचं नावच क्रॅनम, आमच्या इथल्या एका खेड्यावरून. यात एक शंका हमखास निघते. येशूचा जन्म बेथलेहेमचा, मग गाण्यात गोठलेली जमीन आणि बर्फावर बर्फ कुठून आलं? आपल्या गवळणी आठवा. त्यांतलं गोकुळ यमुनेकाठचं, पण तिथली शिंकी, डेरे आणि रवी मराठी घरातली असतात. जवळचं माणूस लोक आपल्या घरात आणून बसवतात. रोझेटींनी त्या बाळाला इंग्लंडच्या थंडीत आणलं, एवढंच.

देव न मानणारेही तिथे का असतात?

असतात, आणि बरेच. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं आणि ३७.२ टक्क्यांनी कोणताच धर्म नसल्याचं लिहिलं. ख्रिस्ती लिहिणारे निम्म्याच्या खाली आले. आमच्या चर्चमध्ये एरवीच्या रविवारी पंधरा-वीस डोकी असतात. कॅरोल सर्व्हिसला भिंतीला टेकून उभं राहावं लागतं.

काही जण याला ढोंग म्हणतात. मला ते पटत नाही. सोसायटीच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवणारा प्रत्येक जण रोज पूजा करतो का? तरी ती आरती त्याला पाठ असते, आणि चाल चुकली तर त्यालाच आधी खटकतं. ही गाणी इथल्या लोकांना शाळेत असल्यापासून तोंडपाठ आहेत. आई-वडिलांबरोबर उभं राहून म्हटलेली, आता त्यांच्याशिवाय म्हणायची. माझ्या पुढच्या बाकावरचे गृहस्थ देव मानत नाहीत असं स्वतःच सांगतात, पण ब्रुक्स यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला ते दरवर्षी गप्प होतात आणि त्यांची बायको त्यांचा हात धरते. त्यात खोटं काही नाही.

आपल्याला चालेल का, आणि कोणी धर्म बदलायला सांगेल का?

चालेल. कागदावर 'सगळ्यांचं' लिहिलेलं असतं ते खरं असतं. नऊ वर्षांत मला कोणी माझा धर्म बदलायचा विषय काढलेला नाही. हे माझ्या गावापुरतं सांगते, पण आसपासच्या घरांचाही अनुभव तोच आहे.

प्रसादाचा प्रश्न खरा आहे. ब्रेड आणि वाइन देण्याच्या विधीला कम्युनियन म्हणतात, मराठीत प्रभुभोजन. तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. कॅरोल सर्व्हिसमध्ये तो बहुधा नसतोच. नाताळच्या आदल्या रात्री अकरा-साडेअकराला जी उपासना होते, तिच्यात असतो. तिथे गेलात तर आपल्या जागी बसून राहा, कोणाला काही वाटत नाही. पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर दुमडून उभं राहिलात तर व्हिकर फक्त आशीर्वाद देतात. गरम वाइन आणि मिन्स पाय हे निव्वळ नंतरचं खाणंपिणं. पायच्या आत सुकामेव्याचं गोड सारण असतं. खिमा म्हणून दचकू नका, पण सारणात कधी प्राण्याची चरबी घालतात, म्हणून शाकाहारी असाल तर विचारा. वाइन नको असेल तर मुलांसाठी ठेवलेला गरम रस घ्या.

गाण्यातले शब्द म्हणायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझी एक मैत्रीण नुसती उभी राहते आणि ऐकते. मी सगळं म्हणते.

आईला मात्र मी वेगळं उत्तर दिलं. आमच्या शेजारच्या विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमाराला एक मुलगा जन्मला, थॉमस स्टीफन्स. तो जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघात गेला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तिथे त्याने मराठी शिकून सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. इंग्लंडातल्या माणसाने गोठ्यातल्या जन्माची गोष्ट आपल्या ओवीत सांगितली, आणि मराठीचं कौतुक अशा शब्दांत केलं की ते आपण शाळेत पाठ केलं. पुढे कोकणातल्या करजगावचे नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनीही भक्ती अभंगांत आणि कीर्तनातच मांडली. वसईत आजही नाताळला घरोघर गोठा सजतो. "म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे चारशे वर्षं मराठीत चालू आहे," आई म्हणाली, आणि मग विचारलं, "तिथे ओव्या म्हणतात का?" नाही म्हणत. पण आठ-सहा-आठ-सहा तिला लगेच कळलं.

जायचं ठरलं तर

सगळ्यात आधी, थंडी. ही जुनी दगडी इमारत आहे, आठवड्यातून एकदा तापवली जाते. कोट अंगावरच ठेवा, पायात जाड मोजे घाला. चपला-बूट काढायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी दारात थांबून बुटांची जागा शोधत होते. डोकं झाकायची गरज नाही, पुरुषांनी टोपी मात्र काढायची. वीस मिनिटं आधी पोचा, नाहीतर खांबामागे बसाल. लवकर गेलात तर घंटाही ऐकायला मिळतील. त्या गाण्याच्या सुरात वाजत नाहीत. सहा घंटांचा क्रम सतत बदलत जातो, एकही क्रम पुन्हा न येता तो ७२० प्रकारे मांडता येतो, आणि वाजवणारे तो तोंडपाठ ठेवतात.

बाकावर गुडघ्याखाली घ्यायच्या उशा टांगलेल्या दिसतील. त्यांवरचं भरतकाम बहुधा गावातल्या बायकांनी केलेलं असतं. बघा जरूर. केव्हा उठायचं, केव्हा बसायचं, ते हातातल्या कागदावर छापलेलं असतं. मूल रडलं तर रडू द्या, मागच्या बाजूला घेऊन फिरा. खूपच लहान मुलं असतील तर क्रिस्टिंगल नावाचा वेगळा, छोटा कार्यक्रम असतो तिथे जा. संत्र्याला लाल फीत बांधून त्यात मेणबत्ती आणि गोळ्या टोचलेल्या काड्या खोवतात. पद्धत मूळची जर्मनीतल्या मोरावियन पंथाची, १७४७ ची, आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये १९६८ पासून आलेली. मुलं संत्रं घरी आणतात, आणि गोळ्या वाटेतच संपतात.

निघताना दाराशी ताट असतं. त्यात टाकलेले पैसे बहुधा एखाद्या धर्मादाय कामाला जातात. टाकलेच पाहिजेत असं नाही. मी टाकते, आणि चर्चच्या डागडुजीच्या पेटीतही टाकते. इंग्लंडच्या चर्चकडे सुमारे १६ हजार इमारती आहेत. राजा त्या चर्चचा प्रमुख असला, तरी छत गळलं तर खर्च बव्हंशी गावालाच उभा करावा लागतो. आमच्या व्हिकरबाईंकडे सात गावं आहेत. म्हणून आमची सर्व्हिस एका रविवारी, पलीकडच्या गावची मंगळवारी, तिसऱ्याची पुढच्या रविवारी. डिसेंबरभर त्या याच गाण्यांचे कागद गाडीत घालून फिरत असतात आणि वीस तारखेपर्यंत त्यांचा आवाज बसतो.

"मी वाचू?"

गेल्या वर्षी नोव्हेंबरात चर्चचा कारभार बघणाऱ्या आजी घरी आल्या. मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, सातवं वाचन या खेपेला तुम्ही करा. मी म्हटलं, मी ख्रिस्ती नाही हे तुम्हाला माहीत आहे ना? त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पण तुम्ही कोपऱ्यावरच्या घरात राहता."

सातवं वाचन मेंढपाळांचं. ते रात्री रानात आपला कळप राखत होते आणि त्यांना एकदम उजेड दिसला. मी तीन आठवडे स्वयंपाकघरात म्हणून बघत होते. ओळी इंग्रजीतच होत्या, पण डोळ्यांपुढे सारखा आमचा माण तालुका येत होता. कापणी झालेल्या शेतात धनगरांनी लावलेला वाडा, जाळीआड बसलेली मेंढरं, घोंगडीत गुरफटून जागा राहिलेला एक म्हातारा आणि त्याच्या पायाशी कुत्रं. त्या लोकांना आधी कळलं, गावातल्या कोणाला कळायच्या आत. आईला हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "खरंय, रात्री जागं तेच असतं ना."

त्या संध्याकाळी पायऱ्या चढून वाचनाच्या उंच लाकडी स्टँडपाशी गेले. समोर नुसत्या मेणबत्त्या, चेहरे अर्धेच दिसत होते. सावकाश वाचलं. 'भिऊ नका' या शब्दांपाशी किंचित थांबा, असं आजींनी पेन्सिलीने खूण करून ठेवलं होतं, तशी थांबले. परत येताना मुलीने माझ्या जागेवरचा कोट उचलला. पण मी बसायच्या आतच ऑर्गनवर टेट यांच्या मेंढपाळांची चाल सुरू झाली, आणि सगळे उठले.